४८६ ला सीएफ कार्ड दिसतं, पण डॉस बूट होत नाही: घोळ नेमका कुठे असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४८६ डीएक्स२ मशीन, जुन्या आयडीई हार्ड डिस्कच्या जागी अडॅप्टरवर २ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. कार्ड आधी लॅपटॉपला यूएसबी रीडरने जोडून, तिथेच पार्टिशन पाडून फॅट१६ मध्ये फॉरमॅट केलं. बायोसला (मशीन सुरू होताच चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला) कार्ड दिसतं. फ्लॉपीवरून एफडिस्क /एमबीआर (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला, म्हणजे एमबीआरमधला, बूट कोड नव्याने लिहिणारा आदेश) करून झालं. तरी सुरू करताना ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येतं. कार्ड बदललं, अडॅप्टर बदलला, फरक नाही. हे जमलं तर पेंटियमवर विंडोज ९८ याच पद्धतीने टाकायचं आहे.

कार्ड बहुधा ठणठणीत आहे आणि अडॅप्टरही. चूक लॅपटॉपवर पार्टिशन पाडलं तिथे झाली. जुन्या मशीनमध्ये बायोस, पार्टिशन टेबल आणि डॉसचा बूट सेक्टर या तिघांचं डिस्कच्या मोजमापाबद्दल, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांच्या संख्येबद्दल एकमत लागतं. आजच्या सिस्टिम सेक्टरला सरळ क्रमांकाने हाक मारतात. डॉस ६.२२ सिलिंडर-हेड-सेक्टर असा तिहेरी पत्ता देतो. कार्डात खरं तर हेडही नसतात आणि सिलिंडरही. सगळे मानीव आकडे. म्हणूनच प्रत्येक जण आपापले आकडे मानून मोकळा होतो.

गणित करून बघू. लॅपटॉपवरचं टूल २५५ हेड आणि ट्रॅकला ६३ सेक्टर धरतं आणि पहिलं पार्टिशन २०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करतं. २०४८ ला ६३ ने भागलं की भाग जातो ३२ वेळा, बाकी उरते ३२; सेक्टरची मोजणी १ पासून, म्हणून पार्टिशन टेबलमध्ये पत्ता पडतो सिलिंडर ०, हेड ३२, सेक्टर ३३. आता ४८६ चा बायोस ‘नॉर्मल’ मोडमध्ये असेल तर त्याच्या लेखी हेड फक्त १६, म्हणजे ० ते १५. तोच २०४८ वा सेक्टर त्याच्या हिशेबाने सिलिंडर २, हेड ०, सेक्टर ३३. एमबीआरमधला कोड टेबलातला पत्ता जसाच्या तसा बायोसला देतो: हेड ३२ वाच. बायोस एकतर नकार देतो आणि ‘एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येतं. किंवा भलताच सेक्टर आणून देतो, त्याच्या शेवटी ५५ एए ही खूण सापडत नाही, आणि तुम्हाला दिसतोय तो संदेश येतो. या दोन संदेशांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्याचा अर्थ वाचताच आलं नाही, दुसऱ्याचा अर्थ वाचलं पण ते काहीतरी वेगळंच निघालं. एफडिस्क /एमबीआर फक्त कोड नव्याने लिहितं, टेबलातल्या पत्त्यांना हात लावत नाही. म्हणून त्याचा उपयोग झाला नाही.

बायोसमध्ये ‘एलबीए’ (सेक्टरला सरळ क्रमांकाने ओळखणारा मोड) निवडून हा प्रश्न मिटतो असं समजू नका. २ जीबीच्या कार्डाला त्या मोडमध्ये बरेच बायोस ६४ हेड देतात, ४ जीबीच्या आसपास १२८ आणि त्यापुढे २५५. लॅपटॉप मात्र सरसकट २५५ धरतो. ६४ हेड असतील तर पहिले ६४ गुणिले ६३, म्हणजे ४०३२ सेक्टर दोघांच्या मोजणीत सारखेच येतात, कारण सिलिंडर ० अजून संपलेला नसतो. त्यात बूट सेक्टर बसतो, कदाचित रूट डिरेक्टरी आणि सिस्टिम फाइलीही. मग बूट थोडं पुढे सरकतं आणि मध्येच अडतं. याहून वाईट म्हणजे सगळं ठीक दिसतं आणि कार्डाच्या मागच्या भागात लिहिलेल्या फाइली एके दिवशी कचरा निघतात. अजिबात बूट न होणारं कार्ड त्यापेक्षा बरं. ते निदान खोटं बोलत नाही.

तेव्हा नियम एकच: पार्टिशन आणि फॉरमॅट ज्या मशीनमध्ये कार्ड राहणार आहे त्याच मशीनवर, त्याच बायोस मोडमध्ये करायचं. फाइली नंतर लॅपटॉपवरून खुशाल कॉपी करा. पार्टिशन टेबलात सरळ क्रमांकाचंही एक खातं असतं, आधुनिक सिस्टिम तेवढंच बघते आणि बरोबर जागी लिहिते.

आता कृती.

सुरुवात सीमॉस बॅटरीपासून, म्हणजे बायोसची सेटिंग जपणाऱ्या बॅटरीपासून. बायोसमधले डिस्कचे आकडे दर वेळी पुसले जात असतील तर पुढचं सगळं वाळूवर बांधणं आहे. नाण्यासारखी सीआर२०३२ असेल तर बदला. मदरबोर्डला सोल्डर केलेली निकेल-कॅडमियमची नळकांडी असेल तर ती आधी काढाच. ती गळते आणि आसपासच्या तांब्याच्या रेषा खाते, बहुतेक वेळा कीबोर्ड कंट्रोलरच्या बाजूने. तिच्या जागी साधा लिथियम सेल लावताना मध्ये डायोड हवा, कारण बोर्ड त्या जागी चार्जिंगचा करंट देतो आणि लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. डॅलसचा डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ असेल तर बॅटरी चिपच्या पोटात असते, चिपच बदलावी लागते.

मग जोडणी. सीएफ कार्ड आणि आयडीई यांची भाषा एकच, त्यामुळे अडॅप्टर म्हणजे जवळजवळ नुसत्या तारा. कार्डाला वीज मिळते त्या क्षणी नवव्या पिनची अवस्था बघून ते आयडीई मोडमध्ये जायचं की नाही ठरवतं. म्हणून मशीन चालू असताना कार्ड काढू-घालू नका, भले अडॅप्टरची खाच केसच्या मागे बाहेर काढलेली असो. ४० पिनी अडॅप्टरला फ्लॉपीचा छोटा पॉवर प्लग लागतो; ४४ पिनी लॅपटॉप प्रकारात वीज केबलमधूनच येते. रिबन केबलची रंगीत कड १ नंबरच्या पिनकडे. जंपर मास्टरवर, आणि त्या केबलवर दुसरं काही नको. सीडी-रॉम दुसऱ्या चॅनलवर न्या. एकाच केबलवर कार्ड आणि जुनी डिस्क गुण्यागोविंदाने नांदतात असं क्वचितच दिसतं. नांदली तर ठेवा, पण बिघाड शोधताना आधी ती जोडी फोडा.

एसडी कार्डाचे अडॅप्टर निराळे. त्यात मध्ये भाषांतर करणारी चिप असते, बहुतेक एफसी-१३०७ए. पेंटियमच्या पिढीत ते बरे चालतात. ४८६ च्या जुन्या बायोसला कधी ओळखच पटत नाही, आणि स्लेव्ह म्हणून बरेच अडॅप्टर रुसतात. साटा एसएसडी आणि आयडीईच्या मधला पूलही चालतो, पण तिथे अडचण आकाराची, त्याबद्दल पुढे. ४८६ साठी सीएफच घ्या, तेही २ जीबीचं आणि शक्यतो औद्योगिक प्रकारचं. ते स्वतःला ‘फिक्स्ड’ डिस्क म्हणवतं; कॅमेऱ्यासाठीची कार्डं बहुधा ‘रिमूव्हेबल’ म्हणवतात. डॉसला याचं सोयरसुतक नाही. विंडोज २००० आणि एक्सपीला आहे: रिमूव्हेबल कार्डावरचं फक्त पहिलं पार्टिशन त्यांना दिसतं.

कार्ड जोडण्याआधी लॅपटॉपवर त्याचा सुरुवातीचा भाग शून्याने पुसून टाका. लिनक्सवर डीडीने पहिले २०४८ सेक्टर, विंडोजवर डिस्कपार्टमधलं क्लीन. हे करताना कुठली डिस्क निवडली आहे ते आकार बघून दोनदा खात्री करा. जुनं टेबल राहिलं तर काही बायोस त्यातले आकडे पाहून स्वतःचा हेडचा हिशेब बदलतात, आणि गोंधळ पुन्हा दारात.

आता ४८६ च्या बायोसमध्ये डिस्क ऑटो-डिटेक्ट चालवा. नॉर्मल, लार्ज आणि एलबीए असे पर्याय आले तर एलबीए. निवडलेला मोड आणि सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे कागदावर लिहून केसच्या आतल्या बाजूला चिकटवा. दोन वर्षांनी बॅटरी गेली की हाच कागद डेटा वाचवतो: मोड चुकला तर कार्डावरचं सगळं असून नसल्यासारखं होतं, आणि घाबरून फॉरमॅट केलं की खरंच नसतं.

पर्यायच आले नाहीत, नुसता ‘टाइप ४७’ किंवा ‘यूजर’ असेल, तर बायोस ५०४ एमबीच्या भिंतीआड आहे. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट: ५२,८४,८२,३०४ बाइट, त्यापलीकडे त्याला दिसत नाही. डॉस आणि काही खेळ एवढंच हवं असेल तर १०२४-१६-६३ भरा आणि ५०४ एमबीवर समाधान माना. ही कमीपणाची तडजोड नाही. फॅट१६ मध्ये ५१२ एमबीपर्यंत क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा सर्वांत लहान तुकडा, ८ केबीचा राहतो. २ जीबीचं एकच पार्टिशन केलं तर तो ३२ केबीचा होतो, आणि शंभर बाइटची बॅच फाइलसुद्धा ३२ केबी खाते.

फ्लॉपीवरून डॉस ६.२२ सुरू करा. फ्लॉपी ड्राइव्ह मेली असेल तर गोटेक एम्युलेटरवर (पेन ड्राइव्हवरच्या इमेज फ्लॉपी म्हणून दाखवणाऱ्या खोक्यावर) फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाका, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये, त्यात १४,७४,५६० बाइटच्या इमेज. पीसीच्या पिळाच्या (मध्येच काही तारा उलटवलेल्या) केबलवर गोटेकचा जंपर एस१ वर हवा आणि सेटिंगच्या फाइलमध्ये इंटरफेस आयबीएम-पीसी. ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी बसली आहे.

एफडिस्कमध्ये प्रायमरी डॉस पार्टिशन करा. पूर्ण जागा एकाच पार्टिशनला दिली की ते आपोआप ॲक्टिव्ह होतं; कमी जागा दिली की होत नाही, दुसऱ्या पर्यायात जाऊन करावं लागतं. हे विसरलं जातं आणि मग कार्डाला शिव्या बसतात. मशीन रीस्टार्ट करा, मग फॉरमॅट सी: /एस, आणि शेवटी एफडिस्क /एमबीआर. हा शेवटचा आदेश अगत्याचा, कारण एफडिस्क एमबीआरचा कोड तिथे काहीच नसेल तेव्हा लिहितं, पण दुसऱ्या कुणाचा कोड आधीच असेल तर तो तसाच ठेवतं. फ्लॉपी काढून बूट करा. ‘सी:’ चा प्रॉम्प्ट आला की कार्ड लॅपटॉपला लावून एक मोठी फाइल, समजा ३०० एमबीची, कॉपी करा आणि परत ४८६ वर स्कॅनडिस्क चालवा. ते निर्धोक पार पडलं तर दोन्हीकडचा हिशेब जुळला.

लॅपटॉपवरून कॉपी करताना फाइलींची नावं आठ अधिक तीन अक्षरांत ठेवा. लांब नावांच्या नोंदी डॉस ६.२२ च्या स्कॅनडिस्क आणि डीफ्रॅगला कळत नाहीत. ते ‘दुरुस्ती’ करतात म्हणजे नावं उडवतात.

पूर्ण २ जीबी हवेच असतील आणि बायोस ५०४ वर अडला असेल, तर दोन वाटा. ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझेड-ड्राइव्ह एमबीआरमध्ये बसतं आणि बायोसच्या वर स्वतःचा हिशेब चढवतं. चालतं, पण फ्लॉपीवरून थेट बूट केलं की डिस्क अनोळखी दिसते, आणि कुणी सवयीने एफडिस्क /एमबीआर मारलं की ते निघून जातं. दुसरी वाट एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस. हीच घ्यावी. हा एक छोटा ऑप्शन रॉम (बायोसला जोड देणारा, चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम) आहे, आणि तो बसवायला फॅन्सी कार्ड लागत नाही: बूट रॉमचं २८ पिनी रिकामं सॉकेट असलेलं जुन्या आयसा (ISA) स्लॉटचं कुठलंही नेटवर्क कार्ड पुरतं. पीसीआय कार्ड घेऊ नका. त्याला रॉममध्ये वेगळं पीसीआय हेडर लागतं.

त्याच्या पॅकेजमध्ये ८०८८ साठी, एटीसाठी आणि ३८६ व पुढच्यासाठी अशा वेगवेगळ्या फाइली असतात. ४८६ ला ३८६ ची घ्या. ती सोबतच्या एक्सटीआयडीईसीएफजी प्रोग्रॅममध्ये उघडा, ऑटो-कॉन्फिगर करा आणि तिथूनच सेव्ह करा. चेकसम तोच प्रोग्रॅम बसवतो. हेक्स एडिटरने एखादा बाइट बदललात तर चेकसम तुटतो आणि मशीनचा बायोस तो रॉम न बोलता वगळतो. चिप २७सी६४ किंवा २८सी६४, म्हणजे ८ केबीची. मोठी चिप असेल तर इमेज पुन्हा पुन्हा लिहून भरून टाका. नेटवर्क कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅममध्ये बूट रॉम चालू करून पत्ता सी८०० द्या. सी००० ते सी७एफएफ व्हिडिओ कार्डाचं असतं, तिथे जाऊ नका. स्कझी कार्ड असेल तर त्याचाही रॉम याच भागात असतो, टक्कर होत नाही ना बघा.

मग मशीनच्या बायोसमध्ये डिस्क ‘नन’ करून टाका. हे विचित्र वाटतं, पण बरोबर आहे: आता डिस्क शोधण्याचं काम नव्या रॉमचं. एक जास्तीचा फायदा म्हणजे बॅटरी गेली तरी डिस्कचे आकडे हरवत नाहीत. पण हिशेब करणारा बदलला, तेव्हा पार्टिशन आणि फॉरमॅट पुन्हा नव्याने. आणि कॉन्फिग फाइलमध्ये ईएमएम३८६ या डॉसच्या मेमरी मॅनेजरच्या ओळीत एक्स=सी८००-सी९एफएफ जोडायला विसरू नका. नाहीतर मेमरी मॅनेजर तीच जागा मोकळी समजून वापरतो आणि हायमेम लोड झाल्यावर एका क्षणात मशीन गोठतं. ‘रॉम टाकल्यावर फ्लॉपीवरून चालतं, कार्डावरून कॉन्फिग फाइल वाचताना अडकतं’ ही तक्रार दिसली की पहिली शंका हीच.

विंडोज ३.१ वापरणार असाल तर ३२-बिट डिस्क ॲक्सेस बंद ठेवा; त्याचा ड्रायव्हर १०२४ च्या पुढच्या सिलिंडरच्या डिस्कसाठी लिहिलेलाच नाही.

पेंटियम आणि विंडोज ९८ ची गोष्ट बरीच सोपी. एलबीए आणि त्याचे वाढीव बायोस कॉल असतात, फॅट३२ बूट सेक्टर ते वापरतो, हेडचा वाद मागे पडतो. तिथे भिंती आकाराच्या आहेत. जुन्या पेंटियम बोर्डांवर ८.४ जीबी, पुढच्या काही अवॉर्ड बायोसमध्ये ३२ जीबी, आणि ही ३२ ची भिंत खवट: मोठी डिस्क लावली की डिटेक्ट करतानाच बायोस लटकतो, सेटअपमध्येही जाता येत नाही. सर्वांत वर १३७ जीबी. विंडोज ९८ चा मूळ डिस्क ड्रायव्हर त्यापुढचा पत्ता समजत नाही, त्रुटीही दाखवत नाही, सरळ डिस्कच्या सुरुवातीवर लिहितो. शिवाय त्याचं मूळ एफडिस्क ६४ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कचा आकार चुकीचा दाखवतं. बोर्डाला ८.४ जीबीची भिंत नसेल तर १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड घ्या आणि बाकी सगळ्यातून सुटा. हाताशी मोठी साटा एसएसडीच असेल तर तिला लिनक्सवर थेट साटा पोर्टला जोडून एचडीपार्मच्या एन पर्यायाने कायमची ६,६०,५५,२४८ सेक्टरची करून टाका; ते ३२ च्या भिंतीच्या आत बसतं. यूएसबी खोक्यातून हा आदेश सहसा पोचत नाही.

एसएसडीवर पार्टिशन करताना एकूण जागेचा पाचवा भाग रिकामा सोडा. विंडोज ९८ ला ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवणारा आदेश) ठाऊक नाही, ती मोकळी जागा एसएसडीच्या कंट्रोलरला उपयोगी पडते.

इन्स्टॉलेशन सीडीवरून चालवू नका. सीडीवरचं विन९८ फोल्डर सी: वर कॉपी करा, स्मार्टड्राइव्ह (डॉसची डिस्क कॅश) लोड करा आणि तिथून सेटअप चालवा. वेळ वाचतो, आणि नंतर प्रत्येक ड्रायव्हरमागे ‘सीडी घाला’ हा तगादा लागत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या गुणधर्मात डीएमएची (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्याच्या पद्धतीची) खूण असते. स्वस्त सीएफ अडॅप्टरमध्ये डीएमएच्या दोन तारा जोडलेल्याच नसतात, पण कार्ड मात्र ‘मला डीएमए येतं’ असं सांगतं. खूण केली की पुढच्या बूटला विंडोजचा लोगो येऊन तिथेच थांबतो. असं झालं तर एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जा आणि खूण काढा. अडॅप्टर घेतानाच डीएमए जोडलेलं आहे का हे पाहून घेतलं तर बरं. ४८६ ला त्याने फरक पडत नाही, पेंटियमवर चांगलाच पडतो. सिस्टिम गुणधर्मांतल्या परफॉर्मन्स टॅबवर ‘एमएस-डॉस कम्पॅटिबिलिटी मोड’ दिसत असेल तर विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरऐवजी बायोसमधून डिस्क वाचत आहे. कारण बहुधा कॉन्फिग फाइलमधला एखादा जुना ड्रायव्हर किंवा एमबीआरमध्ये बसलेलं डिस्क मॅनेजर.

पेंटियमचं विंडोज ९८ कार्ड ४८६ मध्ये घालून बघायचा मोह होईल. डॉस ६.२२ ला फॅट३२ वाचता येत नाही, आणि पार्टिशनचा प्रकार ०ई किंवा ०एफ असेल तर ते फॅट१६ असूनही डॉसला दिसत नाही. त्याला ०१, ०४, ०५ आणि ०६ एवढेच कळतात. दोन्ही मशीनमध्ये फिरणारं एकच कार्ड हवं असेल तर ते ५०४ एमबीच्या आतलं असू द्या, १६ हेडवर, आणि दोन्हीकडे बायोस ‘नॉर्मल’ मोडमध्ये.